डोरीनने टेबलावर ओतलेले मिंक

डोरीन पॅस्को इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या आमच्या गावात सायकलवरून टपाल वाटायची. गावाबाहेर ट्रेविनचा मिंकफार्म होता. मिंक म्हणजे मुंगसाएवढा प्राणी, मऊ काळ्या केसांचा. जन्मभर पिंजऱ्यात, आणि शेवटी बायकांच्या कोटासाठी कातडं. दर शनिवारी डोरीन फलक घेऊन फार्मच्या फाटकावर उभी राहायची. पाऊस असो, शिव्या असोत. हळूहळू गाव तिच्या बाजूला येत होतं. फार्मचा परवाना थांबवायचा का, यावर कौन्सिलची बैठकही ठरली होती.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात तिच्याच प्राणी वाचवणाऱ्या संघटनेच्या पोरांनी कुंपण कापून सगळे पिंजरे उघडले. शहरातल्या एड्रियन नावाच्या पुढाऱ्याने हे ठरवलं होतं. डोरीनला कुणी विचारलंही नाही.

त्या मिंकना रस्ता म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. त्यांचं खाणं गाडीतून यायचं, म्हणून इंजिनाचा आवाज आला की ते गाडीकडे धावायचे. चाकाखाली चिरडले. जे वाचले त्यांनी माझ्या खुराड्यातली एकही कोंबडी जिवंत ठेवली नाही. मी डोरीनची शेजारीण, तिच्याशी भांडायला निघाले, तर ती पोतं घेऊन रस्त्यावरून मेलेले मिंक उचलत होती.

तेच पोतं तिने संघटनेच्या सभेत टेबलावर ओतलं.

एड्रियन शांतपणे म्हणाला, "मरणारच होते ते, डोरीन. निदान एक दिवस मोकळे तरी जगले. आणि सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर आलोय आपण."

"मोकळे जगले, हे बघायला तू होतास कुठे?" डोरीन म्हणाली. "तू घरी जाऊन झोपलास. हे मी उचललेत, माझ्या हातांनी."

तिला फार्मवाल्याची हस्तक म्हणून हाकलून दिलं. हे कळल्यावर ट्रेविन गोड बोलत तिच्या दारात आला. संघटनेविरुद्ध पेपरवाल्यांना चार शब्द सांग म्हणाला.

"डिसेंबरात तूच यांना गॅस देऊन मारणार होतास," ती म्हणाली. "माझ्या दारात रडायला येऊ नकोस."

कौन्सिलला ट्रेविनची दया आली. परवाना कायम राहिला, कुंपण उंच झालं, पिंजरे पुन्हा भरले. डोरीन शनिवारी परत फाटकावर गेली, या वेळी एकटी. पिंजरे हिनेच उघडले असं समजून लोक गाडीची काच खाली करून थुंकायचे. ती तोंड पुसून तिथेच उभी राहायची.

काही वर्षांनी कायदा झाला आणि देशातले असे सगळे फार्म बंद पडले. एड्रियनने शहरात मोठा समारंभ केला, आपण पिंजरे कसे फोडले ते मंचावरून सांगितलं, टाळ्या घेतल्या. डोरीनला बोलावणं नव्हतं. त्या दुपारी ती माझ्याकडे जेवायला होती. रेडिओवर त्याचा आवाज आला तशी उठून तिने तो बंद केला आणि बटाटे वाढून घेतले. त्याच्यावरचा राग तिचाही उतरला नव्हता, माझाही.