झाप मागायची रीत

"इंग्रजीत माग," मालक म्हणाले.

मी आणि आई अंगणात उभ्या होतो. पायऱ्यांच्या खाली, उन्हात. वर ओटीवर मालकांचे मुंबईचे पाहुणे बसले होते, सकाळच्या लाँचने रेवसला उतरलेले. पुढ्यात आंब्याच्या फोडी. मालक त्यांना सांगत होते, "ही आमच्या वाडीतल्या गड्याची नात. मुंबईला मडमांच्या शाळेत होती. ऐका तर खरं."

आईने मला कोपराने ढोसलं. "बोल बाय. मालक सांगतात ना, बोल."

मी बोलले. जमिनीकडे बघत. आमच्या घरावर छप्पर नाही, कृपा करून झाप द्या, एवढंच. घराला मी 'होम' म्हटलं. एक बाई खळखळून हसली. "झोपडीला होम म्हणते हो!" मग सगळेच हसले. एकाने आंब्याची फोड पुढे केली. मी हात पुढे केला नाही. आईने पदर पसरला.

हसणं संपल्यावर मालक शांतपणे म्हणाले, "छान बोललीस. पण यंदा तुम्हाला झाप नाहीत. तुमच्या घराच्या जागेवर पाहुण्यांसाठी बंगली बांधायची आहे."

हे त्यांना आधीच ठाऊक होतं. तरी मला बोलायला लावलं.

झाप म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेलं आच्छादन. नागावच्या आमच्या वाडीत राबणाऱ्यांची सगळी घरं त्यानेच शाकारलेली असत. भिंती कुडाच्या, वर झाप. रीत अशी की वैशाखात आपलं जुनं छप्पर आपणच उतरवायचं, चुलीत घालायचं, आणि नवे झाप मागायला मालकांच्या अंगणात जायचं. वाडीत गळून पडलेली झावळीसुद्धा मालकांची. ती उचलून त्यांच्या खळ्यात नेऊन टाकायची. माझा आजा जन्मभर हेच करत आला. बाबा मुंबईच्या गोदीत वारले. आई ज्या शाळेत भांडी घासायची तिथेच मी फुकट शिकले. आजा गेला तशी आई मला घेऊन त्याच्या या घरात आली आणि त्याच्या जागी नारळी-पोफळी शिंपू लागली. घराला भाडं नव्हतं. ते पाणी हेच भाडं.

त्या वर्षीही रीतीप्रमाणे आम्ही छप्पर उतरवलं. मीच शिडीवर चढले होते. म्हणजे आमचं घर आम्हीच उघडं केलं आणि मग विचारायला गेलो.

त्यानंतरचे दिवस फक्त भीतीचे. वर आभाळ, आत आम्ही दोघी. नारळ पडल्याचा आवाज झाला की आई भांडी सोडून भिंतीला चिकटायची. भिंत उंच नव्हती. मालकांचा कारभारी कुंपणाच्या कडेने जाताना मुद्दाम आमच्या बाजूला वळायचा. आधी टोपी दिसायची, मग डोळे.

"काय मडम, काय शिजतंय?"

मी भांड्यावर झाकण ठेवायचे. कपडे बदलताना आई चादर धरून उभी राहायची. तो नसला तरी मला तो दिसायचा. जेवताना, केस विंचरताना, माझी नजर भिंतीच्या वरच्या कडेवरच.

शेवटी मी अर्ज घेऊन अलिबागला मामलेदार कचेरीत गेले. एकटी. बाहेरच्या बाकावर बसून पहिलं वाक्य मनात घोकलं, आणि आत गेल्यावर तेही नीट आलं नाही. कारकून वाईट नव्हता. म्हणाला, "कुळाचं राहतं घर असं काढता येत नाही आता. कायदा झालाय. पण बाई, घर उभं हवं ना. आम्ही पाहायला आलो आणि वर छप्परच नसलं, तर राहतं घर कसं म्हणू?"

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "झाप किती टिकतात?"

"नीट बांधले तं दोन पावसाळे निघतात."

"मग दर साली का उतरवायचे?"

"मालकांची रीत हाय." ती चुलीत फुंकर घालत होती. थोड्या वेळाने थांबली. माझ्याकडे वळली.

दर वर्षी काही दिवस वाडीतलं एकही घर घर नसायचं. आमच्याच हातांनी. हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं आणि आईला शिकवायची कुणाला गरज वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी झावळी पडलेली होती. मी ती उचलली आणि खळ्याकडे न नेता ओढत घरात आणू लागले.

"ठेव ती, बाय," आई आतून कुजबुजली. "ठेव. तो बघतो हाय."

कारभारी कुंपणापाशी उभा होता. "ए, ती मालकांची आहे."

आवाज आला तो माझा वाटला नाही.

"झाड माझ्या आईने शिंपलंय."

"काय म्हणालीस?"

"आजाने लावलंय आणि आईने शिंपलंय. झावळी आमची."

"गडी घेऊन येतो. मग बोल इंग्रजी," म्हणाला आणि निघाला.

शेजारच्या घरांतून बायका बघत होत्या. कुणी पुढे आलं नाही. त्यांचीही छपरं उतरलेली होती, त्यांचे झाप अजून मिळायचे होते. मी त्यांना दोष देत नाही. आई बाहेर आली, झावळी मधोमध चिरली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, विणायला बसली. तिच्या हातातून पाती सुटत होती. ती पुन्हा घालायची. मी दुसरी झावळी आणायला गेले.

गड्यांनी आमचं छप्पर दोनदा ओढून काढलं. आम्ही दोनदा पुन्हा शाकारलं. कचेरीतली माणसं पाहायला आली तेव्हा घरावर छप्पर होतं, अर्धवट, वाकडं, पण होतं. निकाल अजून लागलेला नाही. आईचं काम गेलं. विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नाहीत. टोपी दिसली की अजूनही माझा हात चादरीकडे जातो, आणि तो जातच राहणार.

वाडीतल्या कुठल्याही घराला दगडाचं जोतं नाही. घालू देत नाहीत, कारण जोत्यावरचं घर उचलून बाजूला ठेवता येत नाही. दिवाळी झाली की आम्ही जोतं घालणार आहोत. कुणाला न विचारता. भर दुपारी.