खालच्या बांधीची परवानगी

त्या वर्षी पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही एक जिवाणू घडवला. त्याची जनुकं संगणकावर लिहिली, रसायनांतून जुळवली आणि रिकाम्या केलेल्या पेशीत घातली. हवेतला नत्र धानाच्या मुळांना मिळवून द्यायचा, एवढंच त्याचं काम. बशीत पहिला ठिपका वाढलेला दिसला तेव्हा मी तिथेच नाचले होते. सुटी काढून गावी, एकोडीला आले, तर घराला कुलूप. सगळे रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला गेलेले.

मीही ओढणी कंबरेला बांधून चिखलात उतरले. आईने ओळीतल्या बायकांना सांगूनच टाकलं, "माही पोट्टी जीव बनवते."

"काय झालं वो मंग, पोट्टा का पोट्टी?" शेजारच्या काकूंनी विचारलं आणि अख्खी ओळ सरळ उभी राहून हसायला लागली.

दुपारी बांधावर शिदोऱ्या सुटल्या तेव्हा मी सगळं नीट समजावलं. काकूंची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, आमच्या बांधीच्या खाली. आमचं पाणी त्यांच्याकडे उतरतं. त्या म्हणाल्या, "तुहा जीव पाण्यासंगं माह्या बांधीत आला तं?"

"नाही येत, काकू. त्याले एक खास खुराक लागते, तो आमच्याचपाशी आहे. नाही भेटला का मरते."

"म्हणजे उपाशी मारता त्याले?" आईने विचारलं.

मला हसू आलं, पण आमच्या बैठकांत हा प्रश्न असा कुणी विचारलाच नव्हता.

"बनवला तं बनवला," काकू म्हणाल्या. "पण मले विचारल्याबिगर सोडजो नोको."

मी कबूल केलं.

परतल्यावर सुरक्षा समितीत मी म्हटलं, शेतात चाचणी घ्यायची तर ज्यांच्याकडे पाणी उतरतं त्यांना आधी विचारू. "त्यांना यातलं काय कळणार?" प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर म्हणाले. "एकदा चला तर," मी म्हटलं. पुढच्या रोवणीला ते खरंच आले.

बांधावर बसून त्यांनी प्रश्न झेलले. मासोळ्यांचं काय? बैल हेच पाणी पितात, त्यांचं काय? मग काकूंनी विचारलं, "मरतात म्हणता, पण एखादा वाचला तं? त्याले वापस बोलावता येते काय?"

"नाही," सर म्हणाले. "सुटला की सुटला."

"मंग सध्या राहू द्या तुमच्याचपाशी. एकही वाचत नाही हे पक्कं समजलं, का मंग या."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. चाचणी काचघरातच करायची ठरली, ती अजून तिथेच चालू आहे. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं; उलट फार हलकं वाटलं.

काकूंनी सरांच्या हातात रोपांची पेंडी दिली. पॅन्ट दुमडून ते उतरले आणि चार पावलांतच चिखलात बसले. बायकांचं हसू सडकेपर्यंत गेलं असेल. सर उठले, त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले. त्यांची ओळ काकू मागून सरळ करत गेल्या.