कोरडी पळी

आमच्या खेळात मेलेलं पात्र परत येत नसे. हा दादाचा नियम, आणि दादा सूत्रधार, म्हणजे त्याच्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलातून त्याने त्या खेळाच्या नियमांची झेरॉक्स आणली होती. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडाने बोलायचं, अडलं की फासे टाकायचे, आणि पुढे काय घडलं ते सूत्रधाराने सांगायचं. नव्वदीतली गोष्ट. रविवारी दुपारी घर झोपलं की दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या छतावर सतरंजी पडायची. दादा, त्याचा एक वर्गमित्र, शेजारच्या गुरुजींचा मुलगा आणि मी.

मी किल्लेदारीण होते. हसू नका. खाली मला पंचगंगा घाटापर्यंत जायचं तरी कोणाला तरी सोबत न्यावं लागे. वर माझ्या हुकमाशिवाय दरवाजा उघडत नव्हता.

शेजारचा माझा सरदार. त्याला सारखा शत्रूशी तह करायचा असे आणि मला मुळीच नाही. एकदा भांडण इतकं पेटलं की तो फासे भिरकावून घरी निघून गेला. तेव्हा दादाने एक तोड काढली, ती भिक्षुकाच्या घरातच सुचावी अशी. ज्या पात्राने शब्द दिला त्याने संकल्प सोडायचा. पळीने तळहातावर पाणी घ्यायचं, शब्द उच्चारायचा, पाणी ताम्हनात सोडायचं. मग तो शब्द गोष्टीत मोडत नाही, फासे काहीही पडोत. शेजारच्याने घरातलं जुनं पळी-पंचपात्र आणून दिलं आणि भांडणं खरंच थांबली.

खेळाबाहेर माझं त्याच्याशी छान जमायचं. मला एम.ए. करायचंय, हे मी घरात सांगायच्या आधी त्याला सांगितलं होतं.

मग आई म्हणाली, अलाहाबादला मामाकडे जाऊन येऊ. मी अलाहाबादला, म्हणजे किल्लेदारीण मोहिमेवर. जायच्या आधीच्या रविवारी मी सरदाराकडून शब्द मागितला. शेजारच्याने पळी उचलली. ‘‘किल्लेदारीण परतेपर्यंत दरवाजा उघडणार नाही.’’ मी घरातल्या बायकांसारखे हात जोडले, डोळे मिटले. सवयच तशी.

परत आले, बॅग टाकली आणि तशीच छतावर गेले.

‘‘किल्ला गेला,’’ दादा म्हणाला. ‘‘दरवाजा आतून उघडला गेला. तू परतलीस ती शत्रूच्या तावडीत. मेलीस.’’

‘‘पण लढताना,’’ वर्गमित्र घाईने म्हणाला. ‘‘एकदम शान से.’’

शान गेली चुलीत. ‘‘दरवाजा उघडलाच कसा?’’ मी शेजारच्याला विचारलं. ‘‘तू संकल्प सोडला होतास.’’

तो फासे चाचपत बसला. ‘‘नाही सोडला. पळी कोरडी होती.’’

वर्गमित्राने मान खाली घातली. दादा लांबच्या पतंगांकडे बघत होता. म्हणजे तिघांनीही पाहिलं होतं. डोळे मिटलेले फक्त माझे.

‘‘म्हणजे मी जायच्या आधीच ठरवलं होतंत. का?’’

‘‘गोष्ट पुढे चालायला हवी ना,’’ दादा सूत्रधाराच्या आवाजात म्हणाला. ‘‘किल्लेदारीण एकाएकी नाहीशी झाली तर सगळं लोंबकळत राहतं. तिला नीट संपवायला हवं होतं.’’

‘‘मी कशाला नाहीशी होतेय?’’

शेवटी शेजारचा हिंदीत बोलला, अवघड काही असलं की तो हिंदीत शिरायचा. ‘‘लड़के वालों ने हाँ कर दी है।’’

मामाकडे चहाला आलेले ते लोक. मामीने माझ्या हातात पोह्यांच्या बशा दिल्या होत्या आणि म्हटलं होतं, मामांच्या ऑफिसातले आहेत. मी मूर्खासारखी त्यांच्या मुलाशी किल्ल्यांवर गप्पा मारत बसले होते.

‘‘तू एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी गेलेच नसते,’’ मी शेजारच्याला म्हटलं.

‘‘म्हणूनच नाही सांगितलं.’’

आईने लपवलं, बाबांनी लपवलं, ते मी समजू शकते. आईबापांना ती खोडच असते. पण त्या सतरंजीवर मी सोडून सगळ्यांना माझं पुढचं ठाऊक होतं आणि त्यांनी ते माझ्यासमोर खेळून घेतलं. लोक म्हणतात, संसार तर चांगला झाला ना. झाला. त्याचा इथे काय संबंध?

लग्नात गुरुजींच्या हाताखाली शेजारचाच होता. ताम्हन त्यानेच पुढे सरकवलं. कन्यादानाचा संकल्प सुरू झाला तशा बायकांनी हात जोडून डोळे मिटले. मी मिटले नाहीत. बाबांच्या पळीत पाणी होतं, काठोकाठ.