अण्णांचं विरजण

टाचणीबाईंचं खरं नाव गल्लीत आता कुणालाच आठवत नाही, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. चाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरून लोकांचे कपडे आखूड केले, सैल केले, चेन बदलून दिल्या, की असं नाव पडणारच. तोंडात चार टाचण्या असतानाही त्या स्पष्ट बोलत. टाचण्या काढल्या की बोलणं जास्त टोचतं, असं त्यांचे यजमान म्हणायचे.

यजमान बस डेपोत मेकॅनिक. माणूस कमी बोलणारा, आणि बोललाच तर इंजिनाबद्दल. पण डेपोच्या मागच्या भिंतीला लागून तुतीचं झाड होतं आणि वर्षातून एकदा ते लगडलं, की या माणसाच्या अंगात यायचं. दोन बादल्या तुती घेऊन ते घरी येत. कपड्यांच्या पावडरीने तीन-तीनदा हात धूत, नखं टोकरून काढत, आणि मगच बाई त्यांना फळाला हात लावू देत. बाई कात्रीने देठ कापायच्या, शिवणाची चांगली कात्री नव्हे, दुसरी. ते हाताने फळ कुस्करायचे. त्यात साखर, उकळून गार केलेलं पाणी, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले द्राक्षाच्या रसाचे सहा खोके. नुसत्या तुतीची वाइन पाणचट होते, रसाने तिला अंग येतं, असं त्यांचं ठाम मत होतं. रस मात्र ते सगळ्यात स्वस्तातला आणायचे. बाई त्यावरून त्यांना चिक्कू म्हणायच्या. ते हसून सोडून देत.

आणि शेवटी त्यात पडायचं अण्णांचं विरजण.

अण्णा म्हणजे बाईंचे वडील. दवाखान्यात कंपाउंडर होते. आयुष्यभर लोकांना कडू औषधं पाजली, त्याची भरपाई म्हणून घरी गोड वाइन करत. बाई लग्न करून निघाल्या त्या दिवशी अण्णांनी त्यांच्या पिशवीत जॅमची एक छोटी बाटली ठेवली, रुमालात गुंडाळून. तळाशी गढूळ गाळ होता. "मागच्या वाइनचा गाळ पुढच्या वाइनचं विरजण," अण्णा म्हणाले, "अधनंमधनं साखर खायला घाल. मरू देऊ नकोस." पुढच्या वर्षी अण्णाच गेले. मग ती बाटली फ्रीजच्या दारात राहिली आणि दर वर्षी तिच्यातलं थोडं नव्या वाइनमध्ये आणि नव्या वाइनचा गाळ पुन्हा तिच्यात, असं चालू राहिलं.

घरी कुणीही आलं की बाई ग्लास पुढे करून सांगायच्या, "ही आमच्या अण्णांची. तेच विरजण आहे बरं का, तेव्हापासूनचं." पाहुणे वा वा करत. यजमान शेजारी उभे राहून दुसरा ग्लास भरत असत. ज्याने फळ तोडलं, कुस्करलं, गाळलं, पंधरा दिवस बरणीची राखण केली, त्याचं नाव कधी निघालं नाही. बाईंच्या ते ध्यानातही आलं नाही, आणि हे मी त्यांना दोष द्यायला सांगत नाहीये. घरातल्या माणसाचं असंच होतं.

यजमान गेले त्याला आता सव्वा वर्ष झालं. गेल्या साली तुती आली तेव्हा बाईंना झाडाकडे बघवलं नाही. ती पिकून भिंतीखाली सडली. पण बाटलीला मात्र त्या दर महिन्याला चमचाभर साखर घालत राहिल्या.

यंदा मुलीचा फोन आला. दूर गावी असते, नवं घर घेतलंय. "आई, पुढच्या महिन्यात येते. अण्णाआजोबांचं विरजण मला थोडं दे. मीपण घरी घालणार."

बाईंच्या अंगात बळ आलं. डेपोतल्या पोरांनी तुती आणून दिली. रस आणायला त्या स्वतः गेल्या, आणि इतकी वर्षं मनात होतं ते करून टाकलं, म्हणजे सगळ्यात महागाचा रस घेतला. खोक्यावर सोनेरी अक्षरं, सहा महिने टिकेल अशी हमी. आपल्या माणसाच्या नावाने करतोय, तर कंजुषी कशाला? फळ कुस्करताना मनगटं भरून आली, मध्येच रडूही आलं, पण काम थांबवलं नाही. मग बाटली आणली. खरं तर निम्मंच घालायचं असतं. पण वर्ष चुकलंय, विरजण अशक्त झालं असेल, म्हणून त्यांनी सगळं ओतलं आणि बाटली पाण्याने विसळून तेही ओतलं. कापड बांधलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बरणीला कान लावला. एरवी आत बारीक खदखद ऐकू यायची. आज बरणी मुकी होती. चौथ्या दिवशीही तीच गत. बाटली रिकामी होती, मुलगी यायची होती, आणि तीस-बत्तीस वर्षं जपलेलं आपण चार दिवसांत घालवलं, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

पाचव्या दिवशी त्या रसाचं रिकामं खोकं घेऊन बेकरीत गेल्या. बेकरीवाला यजमानांचा जुना दोस्त. पीठ फुगवण्यात हयात गेलेली, त्याला काहीतरी कळेल, एवढीच आशा.

त्याने हात पुसले, चष्मा लावला, खोक्याच्या बाजूची मुंगीएवढी अक्षरं वाचली. "वहिनी, यात टिकवायचं औषध आहे. यात काहीच आंबत नाही. दादा स्वस्तातला न्यायचे ना, त्यात हे नसतं."

बाई पिठाच्या पोत्यावर बसल्या. "म्हणजे मीच मारलं. आमच्या अण्णांचं विरजण मीच मारलं." आणि एरवी टाचण्यांसारखं बोलणारी ही बाई भर दुकानात हुंदके देऊन रडायला लागली.

बेकरीवाल्याची पंचाईत झाली. त्याने पाणी दिलं. दारातलं गिऱ्हाईक वाटेला लावलं. शेवटी म्हणाला, "वहिनी, तुम्ही नाही मारलं. ते कधीच मेलंय."

"काय?"

"तुमची मुलगी झाली तेव्हा. तुम्ही दवाखान्यात होता. घरची वायर जळली, आठ-दहा दिवस फ्रीज बंद. दादांनी बाटली उघडली तर वर बोटभर बुरशी. ती घेऊन धावत आले माझ्याकडे. मी तेव्हा नुकताच भट्टीवर उभा राहायला लागलो होतो. म्हटलं, दादा, हे गेलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडचं यीस्ट नेलं."

बाईंचे अश्रू जागच्या जागी थांबले. "आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही नेलं. फ्रीजमध्ये वर्षभर गाळ जगेल याचा भरवसा काय? दर वर्षी तुती तोडायच्या आदल्या दिवशी यायचे."

आदल्या दिवशी. घरात पाव असला तरी ते पाव आणायला जायचे आणि बाई त्यावरून करवादायच्या. आता त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "इतकी वर्षं! इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते, आमच्या अण्णांची, आमच्या अण्णांची, आणि हा माणूस शेजारी उभा राहून ऐकत होता? मला वेड्यात काढत होता?"

"मीही एकदा विचारलं, सांगून का टाकत नाही? तर म्हणाले, तिचे वडील एकदा गेलेत. आता परत कशाला घालवू?"

भट्टीतून पाव बाहेर आले, मुलाने ते काढून ठेवले. बाईंना डोळ्यांसमोर फक्त ते ग्लास भरणारे हात दिसत होते, नखांच्या कडेला न जाणारं काळं असलेले. त्यांनी एकदाही, अगदी एकदाही म्हटलं नव्हतं की ही यांनी केलीय. ते त्यांना फार लागलं.

उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, ते न्यायचे तेवढं मला द्या."

झाडावर तुती संपत आली होती. पाऊण बादलीच मिळाली. जुनी बरणी त्यांनी मोरीत ओतली आणि तिचं जरासुद्धा वाईट वाटून घेतलं नाही. स्वस्तातला रस आणला, खोक्याची चारही अंगं भिंग धरून वाचली. हात तीनदा धुतले, स्वतःचे स्वच्छ हात, तरीही. बेकरीवाल्याचं यीस्ट कोमट साखरपाण्यात भिजवून घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिलाई मशीन चालवता चालवता त्यांचा पाय थांबला. कोपऱ्यातून खदखद ऐकू येत होती.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. गाडीची तिकिटं निघाली होती. "आणि आई, अण्णाआजोबांचं विरजण ठेवलंयस ना?"

हो म्हणणं सोपं होतं. इतक्या वर्षांची सवय होती, आणि मुलीला काय कळणार होतं?

"नाही गं," बाई म्हणाल्या. "आजोबांचं तू झालीस तेव्हाच गेलं. तुझ्या बाबांनी मला कळूच दिलं नाही. तेव्हापासून तू प्यायलीस ती सगळी त्यांची. आलीस की सगळं सांगते. तुला देणार आहे तेही बाबांचंच."

पलीकडून मुलीने अगदी हळू विचारलं, "बाबांचं? जिवंत आहे, आई?"

बाईंनी मान वळवली. बरणीवरचं कापड जांभळं होऊन फुगलं होतं आणि कडेने फेस ओघळत होता.

"उतू चाललंय," त्या म्हणाल्या, आणि फोन तसाच ठेवून फडकं आणायला धावल्या.