शिट्टी वाजली की निघायचं

पुण्याच्या एसटीत आम्ही मायलेकी बसलो, तेव्हा माझा नवरा रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवरून तसाच धावत आला होता. पायात गमबूट, कपड्यांवर बर्फाचं पाणी, हातात वेफर्सचं पाकीट. ट्रॉलर नुकताच लागला होता आणि मासळी अजून उतरायची होती. कंडक्टरने नाकाला रुमाल लावला. नवऱ्याने खिडकीतून पाकीट आत दिलं आणि "प्राची" अशी हाक मारली. प्राची पाकीट फोडण्यात दंग होती. चार वर्षांच्या पोरीच्या कानावरून बापाची हाक तशीच निघून गेली. ती हाक तिला ऐकू यावी म्हणून मी तिला बापापासून लांब नेत होते. हे गणित तेव्हाही माझ्या डोक्यात शिरलं नाही आणि आजही शिरत नाही.

मिरकरवाड्यातल्या माझ्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. पोरांच्या कानांसाठी घरदार सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्या आयांसाठीही. गोड लिहायचं ठरवलं होतं, पण जमत नाही.

प्राचीला जन्मापासून ऐकू कमी येतं. ती लहान असताना मुंबईच्या एका ट्रस्टने आपल्याकडे शाळेच्या हॉलमध्ये शिबिर घेतलं, ते तुम्हाला आठवत असेल. बॅनर, शाली, नारळ, पाहुण्यांची लांबलचक भाषणं. पोरांना ओळीने बसवून कानांत मशीनं घातली आणि फोटो काढले. प्राची दचकून रडायला लागली, तर फोटोवाला म्हणाला, "हसताना पाहिजे." मग बिस्किट दाखवून तिला हसवलं. तो फोटो पुढे त्यांच्या कॅलेंडरवर आला. मशीन आमच्या ऐपतीबाहेरचं होतं आणि ते फुकट मिळालं, हे मी कधीच नाकारलेलं नाही.

काही महिन्यांनी ते मशीन बारीक, चिरकी शिट्टी मारायला लागलं. आपल्या आळीत त्याचं कुणाला काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. आपली सगळी माणसं बोटीच्या इंजिनावर वाढलेली. इंजिन धडधडतंय तोवर काळजी नाही, आवाज थांबला की घाबरायचं. सासूबाई सकाळी प्राचीच्या कानाला कान लावून शिट्टी ऐकायच्या आणि समाधानाने म्हणायच्या, "वाजतंय म्हंजे चालतंय गो." शिट्टी ऐकू आली नाही तर मासळीच्या लिलावाला जाणाऱ्या बाया मला दारातून हाक मारायच्या, "गो, पोरीचं मशीन बंद पडलं काय बघ."

तर बायांनो, ते चालत नव्हतं. मशीनच्या टोकाला कानात बसणारा मऊ साचा असतो. पोर वाढतं तसा कान वाढतो, साचा सैल होतो, आवाज कानात जायच्या ऐवजी बाहेर गळतो आणि मशीन शिट्टी मारतं. साचा काही महिन्यांनी नवा करावाच लागतो. पोरांची चप्पल लहान होते, तसाच हा साचाही लहान होतो, एवढं सांगायला त्या हॉलमध्ये कुणाची जीभ झिजली असती? शाली घालायला वेळ होता. खोक्यावरच्या नंबरवर मी फोन केला, तर "पुढच्या शिबिरात बघू" असं उत्तर आलं. पुढचं शिबिर दुसऱ्याच जिल्ह्यात झालं.

बोलायला शिकायच्या वयात माझी पोर जवळजवळ वर्षभर ती शिट्टी घेऊन फिरली. शेवटी पुण्याला तपासायला नेलं, तेव्हा तिथल्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी आम्ही दारात असतानाच ती ऐकली आणि विचारलं, "ताई, हे कधीपासून वाजतंय?" मी बोटांवर महिने मोजून सांगितले. नवीन साचा झाला, पण रोज बसून बोलायला शिकवणारं माणूसही हवं होतं. रत्नागिरीत मी खूप विचारलं, मला कुणी सापडलं नाही. म्हणून ती एसटी.

आता पुण्यात एक खोली आहे. मी मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करते, दुपारी प्राचीचं सेशन असतं. ऑडिओग्राम, फॉलोअप असे शब्द माझ्या तोंडी बसलेत. प्राची बोलते. थोडं अडखळत, पण बोलते. थेरपीच्या कार्डावर एक नारंगी मासा आहे, त्यावरून ती "मासा" शिकली. आपल्या घरी मासा कोण म्हणतं? बांगडा असतो, सौंदाळा असतो, मोडोसा असतो. बापाने व्हिडिओ कॉलवर टोपलीभर बांगडे दाखवले, तर ही आनंदाने "मासा, मासा" करत नाचली. "पुण्याची झाली गो ही," असं म्हणून तो हसला. मग रेंज नाही म्हणाला आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती.

या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी त्याच ट्रस्टने रत्नागिरीत पुन्हा कार्यक्रम घेतला आणि आम्हा दोघींना स्टेजवर बोलावलं. प्राचीकडून चार वाक्यं पाठ करून घेतली होती, त्यात शेवटी "थँक यू" होतं. तिने ती न चुकता म्हटली. टाळ्या झाल्या. मग माईक माझ्या हातात आला. मी म्हटलं, "मशीनं दिलीत, उपकार झाले. आता साचे करणारं माणूस महिन्यातून एकदा इथे पाठवा आणि शिकवणारी एक बाई इथे ठेवा. मी पुण्याची खोली उद्या सोडते." या बोलण्यालाही टाळ्याच पडल्या. त्याचा मला जास्त राग आला.

नंतर चहा घेताना त्यांचे साहेब प्रेमाने म्हणाले, "ताई, तुमचं पटतं. पण मशीनच्या खोक्यावर देणगीदाराचं नाव घालता येतं. साच्यावर कुठे घालणार?" माणूस वाईट नव्हता. मागे टेबलावर नवीन खोक्यांची चळत होती. मी बाहेर जाऊन खोकी घेऊन निघालेल्या एकेका आईला थांबवलं आणि शिट्टीचं सांगितलं. एकीने विचारलं, "वाजली तर जायचं कुठे?" माझ्याकडे पुण्याचाच पत्ता होता.

पौर्णिमा करूनच परतायचं ठरलं होतं. पावसाळी बंदी उठताच नवरा समुद्रात गेला होता, बोट एक-दोन दिवसांत लागणार होती. प्राची रोज जेटीवर जाऊन बघायची. त्याच्यासाठी तिने "बांगडा" घोटून ठेवला होता. एका सकाळी आजीने तिला जवळ घेतलं आणि शिट्टी वाजली. सासूबाईंनी पूर्वीसारखाच कान लावला. या वेळी चालतंय म्हणाल्या नाहीत. "वाजली गो. बॅग भर," एवढंच म्हणाल्या. साच्याचं माप घेणारे पुण्यातल्या आमच्या थेरपी सेंटरवर ठरावीक दिवशीच येतात आणि तो दिवस उद्यावर आला होता.

घर कुठलं, असं पुण्यात सगळे विचारतात. मी मिरकरवाडा सांगते. पण खरं सांगायचं तर, पोरीच्या कानात साचा घट्ट बसतो तेवढे दिवसच ते घर माझं असतं.

एसटीने रत्नागिरीजवळची पाली सोडली आणि फोन आला. बोट लागली होती. त्याने विचारलं, "पोर कुठाय? दे जरा." मी स्पीकर लावून फोन तिच्याजवळ धरला. त्याने हाक मारली, "प्राची." पुन्हा मारली. शिट्टीने पुढच्या सीटवरचे लोक वैतागले होते, म्हणून मी मशीन बंद करून पर्समध्ये ठेवलं होतं. प्राची खिडकीबाहेर बघत होती.

"झोपलीय," मी सांगितलं.