मामा दाराबाहेर

बाल न्याय मंडळापुढे सरकारी वकील म्हणून उभी राहू लागले, तेव्हा एका गोष्टीचं ओझं वाटायचं. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने खुनासारखा गुन्हा केला, तर त्याच्यावर मोठ्या माणसांसारखा खटला चालवायचा का, हे मंडळ ठरवतं. पण तशी मागणी करायची की नाही, हे मला ठरवावं लागतं.

एका प्रकरणातल्या मुलाला सतरा वर्षं पूर्ण झाली होती. नाशिकच्या कारखान्यांमागच्या गल्लीत त्याने कोयत्याने एका तरुणाला मारलं होतं. पोलिसांचं म्हणणं, सगळं त्याने एकट्याने ठरवलं. मीही मागणी करायच्या तयारीत होते.

मुलगा सरकारी निरीक्षणगृहात होता; सुनावणीला त्याच्यासाठी मामा यायचा. वडील नव्हते, आई पेठ तालुक्यातली, दिंडोरीत द्राक्षबागेत कामाला; मजुरी बुडते म्हणून ती येत नाही, असं मामा सांगायचा. मामा पांढऱ्या शर्टातला, नम्र माणूस. पोराला पाणी द्यायचा, मला न चुकता नमस्कार करायचा.

मंडळाने मुलाला विचारलं, "याचा परिणाम काय होईल, कळत होतं तुला?"

"मीच ठरवलं, मीच केलं. मला सगळं कळत होतं," तो एका दमात म्हणाला आणि त्याने मामाकडे पाहिलं. मामाने किंचित मान हलवली.

मामाला बाहेर पाठवावं, अशी मी विनंती केली. दार लागलं. तोच प्रश्न पुन्हा विचारला. मुलगा हळूच म्हणाला, "ते दाराबाहेरच उभे आहेत का?"

मी मागणी केली नाही. याच्यामागे कोण आहे, ते आधी शोधा, एवढंच सांगितलं, आणि मंडळाने ते मानलं.

व्हरांड्यात मेलेल्या तरुणाच्या बहिणीने मला अडवलं. "माझा भाऊ गेला, आणि तुम्ही त्या पोराची बाजू घेता?"

"कोयता हातात देणारा पण हवाय मला," मी म्हटलं. तिने तोंड फिरवलं.

पुढच्या तारखेला मामा आला नाही. मुलाची आई आली. तिचा भाऊ का आला नाही, ते मी विचारलं.

"ताई, मला भाऊच नाय," ती म्हणाली. "तो मानूस परवा घरी आलता. काय बोलला नाय, नुसता उंबऱ्यावर बसून राह्यला. पोराला आताच सोडू नका, आत हाय तेच बरं."

मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिने जबाब दिला. मुलाचं प्रकरण मंडळाकडेच राहिलं. तो माणूस अजून सापडलेला नाही. बागेतलं काम सोडून मुलाची आई तिच्या बहिणीच्या गावी राहायला गेली. कुठल्या, ते मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही.