रिपोर्टातला ‘इडिओपॅथिक’

मंडळी, आज दुपारी नांदेडात दवाखान्याच्या बाकावर एक शब्द शिकलो. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

उमरीहून माझी बहीण शांता, तिची सून अर्चना आणि सहा वर्षांची नात ओवी आल्या होत्या. ओवीला वर्षभरापासून फिट येतात. त्याचं खापर अर्चनावर, कारण ओवी पोटात असताना तिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती.

आज रिपोर्टात ‘इडिओपॅथिक’ असं लिहून आलं. शांता लगेच म्हणाली, “केवढं मोठं नाव हाय! ग्रहणाचंच असंल.” अर्चनानं मान खाली घातली.

मी मोबाईलवर शब्दकोश उघडला. शब्द मूळचा ग्रीक. ‘इडिओस’ म्हणजे स्वतःचं, ‘पॅथॉस’ म्हणजे दुखणं. आपलं आपण उपजलेलं, कारण न सापडलेलं दुखणं. खात्रीसाठी तिघींना घेऊन पुन्हा डॉक्टर मॅडमकडं गेलो आणि ग्रहणाचंही विचारलं.

“बरोबर आहे, काका,” त्या म्हणाल्या. “आईच्या हातून काही झालेलं नाही. गोळ्या चुकवू नका, पुष्कळ लेकरांच्या फिट थांबतात.”

बाहेर आल्यावर अर्चना म्हणाली, “मामा, हे मराठीत लिहून द्या. गल्लीतल्या बायांना दाखवते.”

मी लिहून दिलं, तर शांतानंच चिठ्ठी ओढून घेतली. “आण इकडं. म्याच सांगते. वर्षभर म्याच तर सांगत फिरले न्हाई का?”

अर्चना पदर तोंडाला लावून रडली, पण हलकी होऊन रडली.

तुमच्या घरात एखाद्या दुखण्याचा बोल कुणाच्या माथी बसलाय का? एकदा डॉक्टरांना नीट विचारून बघा.